चार महिन्यांची मुलगी सारखा अंगठा चोखते, दूध कमी पडतंय का?

बांधावरची
पहिलटकरीण आहे म्हणून विचारतेय, हसू नका. मुलीला चार महिने झाले, तीन महिने मी घरीच होते आणि ती फक्त अंगावर प्यायची. आता शेतावर जावं लागतं, सकाळी पाजून निघते ते डायरेक्ट दुपारीच येते, मधल्या चार-पाच तासांत सासूबाई वरचं दूध बाटलीने देतात. तेव्हापासून बघतेय सारखी मूठ तोंडात, आणि गेल्या आठवड्यात तिला अंगठा बरोब्बर सापडला, झोपेत पण चुकचुक चालू, कातडी पार पांढरी पडून सुरकुतलीय. सासूबाई म्हणतात तुला दूध पुरत नाही, जाऊ म्हणते चुपणी आण, नणंद म्हणते अंगठ्याला कडू लाव. आणि शेजारणीचं पोर आठ महिन्यांचं झालं, ती त्याला रानात पण कडेवरच नेते, त्याला अंगठा माहीतच नाही! माझंच काही चुकतंय का?

दोघांची आई
आधी श्वास घे बाई. दूध पुरतंय की नाही ते अंगठ्यावरून नाही कळत, लंगोटावरून कळतं. दिवसरात्र मिळून सहा किंवा जास्त वेळा चांगली ओली होत असेल आणि वजन वाढत असेल तर पुरतंय. चौथ्या महिन्यात मूठ तोंडात घालणं तसंही वयाचंच लक्षण आहे, त्यांना हात नवीन नवीन सापडलेला असतो. पोटातली बाळं पण अंगठा चोखतात, सोनोग्राफीत दिसतं की.

पण तू जे लिहिलंयस ना, की शेतावर जायला लागल्यापासून वाढलं, ते मला महत्त्वाचं वाटतं. पाजताना कान देऊन ऐक, पहिल्यांदा भराभर छोटे छोटे चोखते, मग पान्हा आला की हळू आणि खोल, प्रत्येक घोटाला बारीक आवाज, आणि पोट भरल्यावर पण डोळे मिटून उगाच तोंड हलवत राहते. ते शेवटचं दुधासाठी नसतंच, ते शांत व्हायला असतं. बाटलीत दूध आपोआप येतं, दहा मिनिटांत बाटली खाली, पोट भरलं पण चोखायची हौस शिल्लक, मग ती अंगठ्यावर निघते. शेजारणीच्या पोराला अंगठा लागतच नाही कारण कुरकुरला की लगेच पदराखाली, रात्री पण आईच्या कुशीत. तुझं चुकलं असं नाही हं, तुझं काम तसं आहे.

मी काय केलं सांगते. सकाळी निघायच्या आधी हाताने दूध काढून झाकून ठेवायचे, खोलीत फार गरम नसेल (२५ अंशांपर्यंत) तर चार तास चालतं, त्याहून जास्त गरम असेल तर तेवढा वेळ नको. आणि बाटलीऐवजी वाटी-चमच्याने किंवा छोट्या कपाने पाजायला सांगितलं. पहिले दोन दिवस अर्धं दूध अंगावर सांडलं, सासूबाई वैतागल्या, मग जमलं. सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचंच दूध असं जागतिक आरोग्य संघटना पण सांगते, पाणीसुद्धा नको.

दातवाला
दातांचा डॉक्टर आहे म्हणून तेवढंच सांगतो. चार महिन्यांच्या बाळाच्या अंगठ्याला कडू लावू नका प्लीज, तेच हात डोळ्यांत जातात. बहुतेक मुलं दोन ते चार वर्षांच्या दरम्यान आपणहून सोडतात. पक्के दात साधारण सहाव्या वर्षी यायला लागतात, तेव्हाही सवय जोरात असेल तर पुढचे वरचे-खालचे दात मिटत नाहीत, मधे फट राहते, वरचा जबडा अरुंद होतो. चुपणीनेही हेच होतं, फक्त ती काढून घेता येते आणि अंगठा नाही घेता येत. माझी खरी भीती अंगठा नाही, दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवणं ही आहे. दात आले की वरचे पुढचे चार त्यानेच किडतात.

आजीबाई
मी चार पोरं अंगावर वाढवली, सगळी दोन-अडीच वर्षं पीत होती, आणि तिसऱ्याने तरीही पाच वर्षांचा होईपर्यंत अंगठा सोडला नाही! तेव्हा अंगावर पाजलं की अंगठा सुटतोच असं कुणी छातीठोक सांगू नये. मारून बघितलं, पट्टी बांधून बघितली, शेवटी शाळेत पोरं हसली तेव्हा सोडला. दात ठीक आहेत त्याचे.

वेळेआधीची
चुपणीला एवढं पण वाईट नका म्हणू. माझा गरोदरपणाच्या ३२व्या आठवड्यातच झाला, नळीने दूध चालू होतं, कारण चोखणं, गिळणं आणि श्वास हे तिन्ही एकत्र जुळायला गरोदरपणाचे धरून साधारण ३४ आठवडे लागतात. तेव्हा नर्सबाई नळीचं दूध चालू असताना त्याला चुपणी द्यायच्या, नुसतं चोखायला शिकावं म्हणून, पुढे अंगावर घेतला तर दोन आठवड्यांत जमलं. पण तुझं बाळ पुऱ्या दिवसांचं आहे, तिला गरज नाही दिसत.

बांधावरची
थँक्यू सगळ्यांना. लंगोट मोजल्या, काल आठ ओल्या, वजन पण वाढलंय, सासूबाईंना दाखवलं तर म्हणाल्या बरं बरं. आज सकाळी दूध काढून ठेवलं होतं, वाटी-चमच्याने पाजलं, निम्मं गळ्यात गेलं. दुपारी आल्या आल्या घेतली तर पंचवीस मिनिटं सोडेना, पोट भरल्यावर पण तशीच, आणि अंगठा माझ्या पदरात गुंडाळलेला. नणंदेला आता काय सांगू तेवढं सुचवा, ती रविवारी येतेय कडू घेऊन.