पेंटाव्हॅलंट लस : पाच घटक एकत्र केल्यावर पुन्हा तपासणी होते का?

प्रश्न (विश्रामबाग, सांगली) :
माझ्या दीड महिन्याच्या मुलीला पुढील आठवड्यात पेंटाव्हॅलंटची पहिली मात्रा द्यायची आहे. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब (मेंदूज्वर व न्यूमोनिया घडवणारा जिवाणू) यांचे घटक वेगवेगळे निर्धोक ठरले, म्हणून त्यांचे मिश्रणही निर्धोक मानले जाते का?

उत्तर १ (सातारा, लस-गुणनियंत्रणातून निवृत्त) :
नाही, तसे गृहीत धरले जात नाही. घटसर्प व धनुर्वाताचे विष फॉर्मॅलिन या रसायनाने निष्प्रभ करतात आणि ते पुरते निष्प्रभ झाले आहे की नाही, हे मिसळण्यापूर्वीच गिनी पिगना टोचून पाहतात. मिश्रण तयार झाल्यावर निर्जंतुकतेसाठी नमुना पोषक द्रवात 14 दिवस ठेवतात. शिवाय परिणामकारकता आणि लसीचा परिणाम वाढवण्यासाठी घातलेल्या ॲल्युमिनियमच्या क्षाराचे प्रमाणही तपासतात. डांग्या खोकल्याचा घटक मारलेल्या संपूर्ण जिवाणूंचा असल्याने खरे लक्ष त्याच्याकडे असते : लस टोचलेल्या उंदरांची सातव्या दिवसापर्यंतची वजनवाढ नुसते सलाईन टोचलेल्या उंदरांच्या वजनवाढीच्या किमान 60 टक्के तरी असली पाहिजे. त्यानंतरही कसौलीच्या केंद्रीय औषध प्रयोगशाळेच्या पडताळणीशिवाय बॅच बाहेर पडत नाही.

मात्र घटकांचा एकमेकांवर होणारा परिणाम प्रयोगशाळेत पूर्णपणे दिसत नाही. डांग्या खोकल्याचा पेशीविरहित घटक (संपूर्ण जिवाणूऐवजी त्याची निवडक प्रथिनेच असलेला) हिबसोबत दिल्यावर हिबची प्रतिपिंडे कमी तयार होतात, हे बालकांवरील अभ्यासांतूनच कळले. म्हणून संयुक्त लसीसाठी असे अभ्यास वेगळे करावे लागतात.

उत्तर २ (जावळी तालुका, आरोग्यसेविका) :
ताई, कसौलीची तपासणी झाली तरी पुढची जबाबदारी आमच्यावर असते. ही लस 2 ते 8 अंशांत ठेवावी लागते आणि उष्णतेपेक्षा गोठण्याची भीती अधिक, कारण कुपीवरील रंग बदलणारी खूण उष्णता दाखवते, गोठणे नाही. म्हणून आइसपॅक हलवल्यावर आत पाण्याचा आवाज येईपर्यंत तो बाहेर ठेवूनच आम्ही लसवाहकात भरतो. शंका आल्यास मुद्दाम गोठवून मग वितळू दिलेल्या कुपीसोबत संशयित कुपी हलवून ठेवतो. दोन्हींत गाळ सारख्याच वेगाने खाली बसला, तर ती कुपी वापरत नाही.

प्रश्नकर्ती : आभारी आहे. लसीनंतर ताप आला तर तो मिश्रणातील दोष समजावा का?

उत्तर १ :
नाही. एक-दोन दिवसांचा ताप व टोचलेल्या जागची सूज बहुधा डांग्या खोकल्याच्या घटकामुळे येते. पॅरासिटामॉल डॉक्टरांनी वजनानुसार सांगितले तेवढेच द्यावे; झटके आले किंवा बाळ निपचित पडले, तर मात्र तत्काळ रुग्णालयात न्यावे आणि आरोग्यसेविकेला कळवावे, कारण अशा नोंदींवरूनच त्या बॅचची पुन्हा चौकशी होऊ शकते.