टोरेंट साइट फुकट, मग पैसा येतो कुठून?

उंबरा (धागाकर्ता)

परवा एका मित्राशी चांगलंच वाजलं. त्याचं म्हणणं, टोरेंटवाले (चित्रपट, गाणी, सॉफ्टवेअरच्या फाइली लोकांना एकमेकांकडून मिळवून देणाऱ्या साइटी चालवणारे) समाजसेवा करतात, कुणाकडून छदामही घेत नाहीत. मला ते अजिबात पटलेलं नाही, म्हणून इथे मांडतोय.

आधी खर्च बघू. फाइल साइटवर नसतेच. ती तुमच्या-माझ्या हार्ड डिस्कवर असते, आणि तिचे तुकडे आपणच एकमेकांना देत असतो. साइट फक्त पत्ता सांगते. २०१२ मध्ये पायरेट बे या बड्या टोरेंट साइटने टोरेंट फाइली (पत्ता सांगणाऱ्या छोट्या फाइली) काढून नुसते मॅग्नेट दुवे (फाइलची ओळख सांगणारी एक ओळ) ठेवले, तेव्हा एकाने तिथल्या सुमारे १६ लाख टोरेंटांचे दुवे एका झिपमध्ये बांधले. ती झिप भरली ९० एमबी! म्हणजे साठवण आपली, बँडविड्थ आपली, वीजही आपलीच.

आता मिळकत. किकअ‍ॅस टोरेंट्स ही त्या काळची सर्वात मोठी साइट जुलै २०१६ मध्ये बंद पाडली गेली आणि तिच्या कथित मालकाला पोलंडमध्ये अटक झाली. अमेरिकी तपास यंत्रणांनी कोर्टात दिलेल्या कागदपत्रांत जाहिरातींची कमाई वर्षाला १.२५ ते २.२३ कोटी डॉलर असावी असा अंदाज होता. तपास अधिकाऱ्याने जाहिरातदार बनून भाव विचारला, तर दिवसाला ३०० डॉलर ठरले. दिवसाचा भाव ठरलेला असेल तर तो धंदा आहे, एवढंच मला म्हणायचंय.

फाइल वाटणाऱ्यांवर माझा राग नाही. राग आहे तो त्यांच्या देण्यावर गल्ला मांडून बसलेल्या मालकावर.

प्रवाही

जोरदार असहमत.

एका बड्या साइटचं उदाहरण घेऊन तुम्ही सगळ्यांना एकाच दोरीत बांधताय. खर्च फक्त साठवणीचा नसतो हो. रोज लाखो लोक शोध घेतात, हल्ले होतात, डोमेन जप्त झालं की नवं घ्यावं लागतं, होस्टिंगवाला रातोरात हात वर करतो. हे कोण भरणार? आणि टोरेंट म्हणजे चोरी हे समीकरणही चूक. लिनक्सच्या कितीतरी आवृत्त्या टोरेंटवरून अधिकृतपणे मिळतात, इंटरनेट आर्काइव्ह स्वतः टोरेंट देतं.

मी एका खाजगी ट्रॅकरवर (फक्त सदस्यांसाठीच्या टोरेंट साइटवर) बरीच वर्षं आहे. तिथे एकही जाहिरात नाही. पहिल्या पानावर वर एक पट्टी असते: या महिन्यात किती जमले, किती हवेत. लोक आपखुशीने देतात. याला गल्ला म्हणणं अन्याय आहे.

उंबरा

प्रवाही, लिनक्सचं मान्य. तंत्राला मी नावं ठेवलेली नाहीत, ते तंत्र शोधणाऱ्या ब्रॅम कोहेनने २००१ मध्ये केलेलं काम अफाटच आहे. पण देणगीबद्दल एक विचारतो. तुमच्या ट्रॅकरवर पैसे दिले की रेशो (घेतल्याच्या मानाने किती परत दिलं त्याचं प्रमाण) सुधारून मिळतो ना? म्हणजे जो सीड करून (फाइल इतरांना देत राहून) दमला त्याला जे मिळतं, तेच दुसऱ्याला पैसे टाकून मिळतं. मग ती देणगी कशी? ती विक्रीच झाली.

आणि मेगाअपलोड या फाइल-साठवणीच्या साइटचं तर विचारूच नका, २०१२ च्या आरोपपत्रात कमाईचा आकडा १७.५ कोटी डॉलरहून जास्त होता.

शेंडेफळ

उंबरादादा, एक दुरुस्ती. मेगाअपलोड पीअर-टू-पीअर (लोकांनी थेट एकमेकांना फाइली देण्याचं) नव्हतं. फाइली त्यांच्याच सर्व्हरवर होत्या, आणि आरोपपत्रातला बहुतेक पैसा प्रीमियम सदस्यत्वाचा होता, जाहिरातींचा वाटा लहान. टोरेंटवाल्यांचं उलट असतं. वेगासाठी ते पैसे मागू शकत नाहीत, कारण वेग त्यांच्या हातातच नाही. म्हणून त्यांना साइटवर आलेला पाहुणाच जाहिरातदाराला विकावा लागतो.

मी जाहिरात खरेदीच्या कामात आहे, म्हणून यातला चीड आणणारा भाग सांगते. प्रतिष्ठित कंपन्यांच्या जाहिराती तिथे फारशा टिकत नाहीत. कुणी स्क्रीनशॉट पाठवला की आम्ही ती साइट काळ्या यादीत टाकतो. पण जागा एका नेटवर्ककडून दुसऱ्याकडे आणि तिथून तिसऱ्याकडे विकली जाते, साइट नाव बदलून परत येते. उरलेली जागा जुगार, प्रौढ साइटी, व्हीपीएनचं (ओळख लपवणाऱ्या सेवेचं) कमिशन आणि खोटी बटणं भरून काढतात. पान डोळ्यांपुढे आणा: हिरवं मोठं "डाउनलोड", त्याखाली निळं "डाउनलोड", बाजूला लुकलुकणारं तिसरं. खरा दुवा बारीक अक्षरात, चुंबकाच्या चिन्हाशेजारी. पहिल्या क्लिकला मागे एक वेगळीच खिडकी उघडते, ती तुम्हाला ब्राउझर बंद करताना दिसते. त्या प्रत्येक चुकलेल्या क्लिकचे पैसे कुणीतरी मोजलेले असतात.

माझ्या धाकट्या भावाने असंच एक बटण दाबलं. लॅपटॉपवरच्या सगळ्या फाइली कुलूपबंद झाल्या, त्यात त्याचा वर्षभराचा प्रकल्प होता. मिळाला नाही परत.

म्हणून माझं मत उंबरांपेक्षाही कडक आहे. फक्त साइटवाल्याला धरून भागणार नाही, मधल्या प्रत्येक दलालाला विचारलं पाहिजे. सिटी ऑफ लंडन पोलिसांच्या पथकाने अशा साइटींची यादी करून जाहिरात व्यवसायाला दिली, तो मार्ग मला योग्य वाटतो.

प्रवाही

शेंडेफळ, भावाचं वाचून फार वाईट वाटलं. पण जाहिराती तोडल्या की काय होतं तेही बघा. सप्टेंबर २०१७ मध्ये पायरेट बेने पानात मोनेरो हे आभासी चलन खणणारी (संगणकाला राबवून मिळवणारी) स्क्रिप्ट घातली. पान उघडलं की तुमचा प्रोसेसर त्यांच्यासाठी राबायला लागायचा. बोंब झाल्यावर त्यांनी सांगितलं की ही चाचणी होती, जाहिराती काढायच्या आहेत पण साइट चालवायला पैसा लागतो. कल्पना म्हणून मला त्यात वावगं दिसत नाही.

उंबरा

वावगं हेच की विचारलं नाही! लोकांना पंख्याच्या घरघरीवरून कळलं. हा रोग जुना आहे. कझा या जुन्या फाइल-वाटपाच्या प्रोग्रॅमच्या काळात त्याच्याबरोबर जाहिरातबाज सॉफ्टवेअर घुसायचं. मार्च २०१५ मध्ये म्यूटोरेंट या टोरेंट उतरवायच्या प्रोग्रॅमबरोबर आभासी नाणी खणणारा प्रोग्रॅम न विचारता आल्याच्या तक्रारी झाल्या, मग कंपनीने तो काढला.

तळटीप

एरवी मी फक्त वाचते, आज राहवलं नाही.

मी चार वर्षं एका ट्रॅकरसाठी उपशीर्षकं केली. संवाद ऐकायचा, थांबवायचा, लिहायचं, वेळ जुळवायची. दोन तासांच्या फाइलला माझे आठ-दहा दिवस जात. एक पैसा मागितला नाही, हवाही नव्हता. ज्यांना ती भाषा येत नाही त्यांच्यापर्यंत काहीतरी पोचतंय, यातच आनंद होता. "सर्व्हर वाचवा" असं आवाहन आलं तेव्हा मीही खिशातून दिले. तीन आठवड्यांत साइट गायब. चालक गायब, पैसे गायब, माझ्या कितीतरी उपशीर्षकांची एकमेव प्रत गायब. पुढे त्यातली काही दुसऱ्या साइटवर सापडली, माझं टोपणनाव पुसलेलं आणि चहूबाजूंनी जुगाराच्या जाहिराती.

प्रवाही, तुमचा ट्रॅकर प्रामाणिक असेलही. पण आमचाही तसाच वाटायचा. आमच्याकडेही ती पट्टी होती.

प्रवाही

तळटीप, तुमचं वाचून उठलो आणि आमच्या ट्रॅकरवर जाऊन ती पट्टी नीट पाहिली. जमलेली रक्कम लिहिलेली आहे, हवी असलेली लिहिलेली आहे. सर्व्हरचं भाडं किती, ते कुठेही नाही. गेल्या महिन्यात जास्तीचे जमले होते, त्यांचं काय झालं तेही नाही. एवढ्या वर्षांत मी विचारलंच नव्हतं. आता चालकांना निरोप टाकलाय. उत्तर आलं की इथेच लिहितो.