कृषी केंद्राच्या उधारीचा दावा आलाय, काय करावं? (अमळनेर)

कापूस_वेचणी:
राम राम मंडळी. नानांच्या (वडील) नावानं अमळनेर कोर्टाचं समन्स आलंय. बियाणं, खत, फवारणीची औषधं एका कृषी केंद्रातून उधारीवर घ्यायचो. कापूस विकला की हिशोब. बोंडअळीनं पीक खाल्लं, बाकी राहिली. आता व्याजासकट 1 लाख 84 हजारांचा दावा आहे आणि सोबत नुसती खातेवहीची झेरॉक्स. बाकी आहे, पण एवढी नाही, आणि महिन्याला 2 टक्के व्याज कधी ठरलंच नव्हतं. नाना म्हणतात, तारखेला जायचंच नाही, गावात बसून मिटवू. चांगला वकील सुचवा.

तापीकाठ:
जळगावला वकिलाच्या ऑफिसात काम करतो, म्हणून जरा लांबण लावतो. नाना गेले नाहीत तर एकतर्फा हुकूमनामा (आपली बाजू न ऐकता निकाल) होईल, मग दरखास्त (तो निकाल वसूल करायचा अर्ज), मग जप्ती. एकतर्फा रद्द करायला 30 दिवस असतात, पण समन्सवर सही दिल्यावर न येण्याचं कारण काय सांगणार?

समन्सवर ऑर्डर 37 (झटपट निकालाच्या दाव्याचा नियम) लिहिलंय का ते आजच बघा. असेल तर 10 दिवसांत हजेरी लावायची आणि पुढे बचावाची परवानगीसुद्धा मागावी लागते. साधा दावा असेल तर समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत कैफियत (आपलं लेखी उत्तर) द्यायची. कारण दिलं तर कोर्ट 90 पर्यंत वाढवतं.

कैफियतीत 'दावा खोटा आहे' एवढं लिहून भागत नाही. दाव्यातल्या एकेका परिच्छेदाला वेगळं उत्तर द्या. जे स्पष्ट नाकारलं नाही ते कबूल धरलं जातं. बाकी खरी आहे तेवढी मान्य करा, वरचा आकडा दुकानदाराला सिद्ध करू द्या. नुसत्या खातेवहीवरून कोणावर देणं बसत नाही. पुरावा कायद्याच्या कलम 34 मध्ये हेच होतं, 1 जुलै 2024 पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 28 मध्ये आहे. म्हणून मूळ वही आणि प्रत्येक मालाचं बिल मागा. बिलावर सही कोणाची, बियाण्याचा लॉट नंबर कोणता, व्याज कुठे लिहिलंय?

मुदत 3 वर्षांची. उधारी किती दिवसांची ते ठरलं नसेल तर माल दिल्या तारखेपासून, ठरलं असेल तर ती मुदत संपल्यापासून. समन्स कधी आलं ते सोडा, दावा कधी दाखल झाला ते बघा. मात्र मुदत संपायच्या आत नानांनी वहीत बाकीखाली सही केली असेल, तर 3 वर्षं त्या सहीपासून नव्यानं मोजतात.

पांझराकाठचा_भाऊ:
घाबरू नको रे भाऊ, कोर्टना कागद म्हंजे जेल नही शे! पैसेच नाहीत म्हणून कोर्ट आत टाकत नाही. हुकूमनामा झालाच तरी शेतकऱ्याचं राहतं घर, अवजारं आणि कामापुरते बैल जप्तीतून सुटतात. मळा मात्र सुटत नाही, ते नानांच्या कानावर घाल.

कापूस_वेचणी:
आभार दादा. एक सांगायचं राहिलं, दुकानदाराकडे नानांचा सही केलेला कोरा चेक आहे.

तापीकाठ:
मग कान टवकारून राहा. चेक वटला नाही तर कलम 138 ची केस वेगळी चालते, फौजदारीत. बँकेनं चेक परत केल्याचं कळल्यापासून 30 दिवसांत दुकानदारानं तुम्हाला लेखी नोटीस द्यायची असते आणि ती मिळाल्यावर पैसे भरायला तुमच्याकडे 15 दिवस असतात. पाकीट परत पाठवू नका, घ्या आणि वकिलामार्फत उत्तर द्या. रक्कम दुसऱ्याच्या अक्षरात असली तरी सही आपली म्हटल्यावर कायदा आधी त्याच्या बाजूनं धरतो. उलटं आपल्याला दाखवावं लागतं.

केळीबाग_रावेर:
वकिलाचं नाव इथे देण्यापेक्षा, कोर्टात बार रूममध्ये विचारा दिवाणी कामं कोण करतं ते. पैशाची अडचण असेल तर कोर्टाच्या आवारातच तालुका विधी सेवा समिती असते. वर्षाचं उत्पन्न 3 लाखांच्या आत असेल तर वकील फुकट मिळतो. बाया आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना उत्पन्नाची अटही नाही. फोन 15100.

मिटवायचंच असेल तर लोकअदालतीत मिटवा, पारावर नको. तिथे दुकानदाराला कोर्ट फी परत मिळते, म्हणून व्याज सोडायला तो तयार होतो. पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही. हप्ते झेपतील एवढेच लिहा, पहिला हप्ता कापूस विकल्यानंतरचा धरा, आणि 'कोरा चेक परत केला' हे त्याच कागदावर घ्या.


कापूस_वेचणी:
नाना तयार झाले. सोमवारी बिलं घेऊन जातोय.