जैविक पिता आणि कायदेशीर पिता वेगळे असल्यास दावा कोणाचा टिकतो?

प्रश्न: माझ्या परिचयातील एका गृहस्थांचे म्हणणे आहे की एका विवाहित स्त्रीचे मूल त्यांचे आहे. खासगी प्रयोगशाळेचा डीएनए अहवालही त्यांच्या बाजूचा आहे. मात्र मूल जन्मापासून त्या स्त्रीच्या पतीकडे वाढत असून जन्मदाखल्यावर पतीचेच नाव आहे. या अहवालावर पितृत्वाचा दावा टिकेल का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १: केवळ अहवालावर टिकणे फार कठीण आहे. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ११६ नुसार (जुन्या कायद्यातील कलम ११२) वैध विवाह टिकून असताना, किंवा तो संपल्यापासून २८० दिवसांच्या आत व आईने पुनर्विवाह केलेला नसताना जन्मलेले मूल पतीचेच औरस अपत्य मानले जाते. हे गृहीतक खोडायचे तर गर्भधारणेच्या काळात पतिपत्नींचा संबंध येणे शक्यच नव्हते, हे सिद्ध करावे लागते. आईचे अन्यत्र संबंध होते एवढे दाखवून भागत नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले. तिथे तर मुलगाच कथित जैविक पित्याकडे पोटगी मागत होता, तरीही डीएनए चाचणीची मागणी फेटाळली गेली. शिवाय खासगी चाचणीत मुलाच्या गालाच्या आतून नमुना कोणी घेतला, कोणासमोर सीलबंद केला, आईची संमती होती का, हे प्रश्न पहिल्याच तारखेला उभे राहतील.

उत्तर २: वरील उत्तराला एक पुरवणी जोडतो. २०१४ मध्ये याच न्यायालयाने गृहीतक आणि विज्ञान यांत विरोध आल्यास विज्ञान ग्राह्य धरावे असे म्हटले होते. पण तिथे चाचणी न्यायालयाच्या आदेशाने झाली होती आणि पितृत्व नाकारणारा स्वतः पतीच होता, त्यामुळे त्या निकालाचा आधार या गृहस्थांना सरळ मिळेल असे मला वाटत नाही. जैविक पित्याला दारच बंद ठेवणे मात्र मला अन्यायाचे वाटते. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने ९ एप्रिल २०२४ रोजी, जैविक पित्याला कायदेशीर पितृत्व मिळवण्याचा परिणामकारक मार्ग असलाच पाहिजे, असा निर्णय दिला आहे.

उत्तर ३: अन्याय मलाही दिसतो, परंतु दावा हरला तरी त्याची कागदपत्रे उरतात आणि मोठेपणी ती मुलाच्या हाती पडू शकतात. मुलाला आपले मूळ कळणे आणि त्याचा बाप बदलणे या दोन वेगळ्या मागण्या आहेत. या गृहस्थांना नेमकी कोणती हवी आहे, हे त्यांना आधी विचारा. पहिलीच हवी असेल, तर समुपदेशकाच्या मदतीने त्या दांपत्याशी बोलणे हा दाव्यापेक्षा बरा मार्ग आहे.