मदत हवी आहे: कोलॅजन पावडर, त्वचेच्या गमीज आणि अचानक घसरलेला टीएसएच

नमस्कार मंडळी,

मी बेळगावची. राहायला वडगावात, शेत येळ्ळूरच्या शिवारात. वय ५२. पाळी जाऊन तीन वर्षं झाली आणि तेव्हापासून गाल, मान सगळं एकदम सैल पडलंय. धाकट्या जावेनं हल्ली माणसं जोडायचं, साखळीचं काम धरलंय. "अक्का, तोंड किती वाळवून घेऊलालीस," म्हणत तिनं दोन वस्तू गळ्यात मारल्या. एक कोलॅजनची, म्हणजे त्वचा घट्ट ठेवणाऱ्या प्रथिनाची पावडर (डबा २,४०० रुपये) आणि दुसऱ्या 'केस-नखं-त्वचा' असं लिहिलेल्या गमीज, चघळायच्या गोळ्या. घरातलीच ती, नाही कसं म्हणायचं! अडीच महिने घेतेय.

परवा पहिला डबा संपला म्हणून मोहरी भरायला धुवायला घेतला, तर खालच्या बाजूला चौकोनात बारकासा तपकिरी त्रिकोण दिसला. मी माळकरी आहे हो. जावेला विचारलं तर म्हणते, "ते चॉकलेट फ्लेवरचं चिन्ह." खरं काय?

दुसरी गोष्ट जास्त काळजीची. थायरॉइडसाठी थायरॉक्सिन ७५ ची गोळी आठ वर्षं चालू आहे. टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) कायम २ ते ३ च्या मध्ये. या वेळी आला ०.१, आणि टी-४ (तोही थायरॉइडचाच आकडा) वर. डॉक्टरांनी गोळी ५० वर आणायला सांगितलंय. पण मला ना धडधड, ना घाम, वजनही तेवढंच. गमीजचं मी त्यांना सांगितलं नाही. औषध थोडंच आहे ते, असं वाटलं. गोळी कमी करू का थांबू? आणि त्वचेला या पावडरीचा खरंच उपयोग होतो का? मालकही चमचाभर घेतात, बिड्यांनी चेहरा काळवंडलाय म्हणून.

निपाणकर
ताई, माझं औषधाचं दुकान आहे, डॉक्टर नव्हे. आधी गमीजच्या बाटलीवर बायोटिन (एक ब जीवनसत्त्व) किती आहे ते बघून सांगा.

वडगावची अक्का
चष्मा लावून वाचलं. १०,००० मायक्रोग्रॅम.

निपाणकर
मग बहुतेक तिथंच पाणी मुरतंय. दिवसाची गरज ३०-४० मायक्रोग्रॅम, तुम्ही अडीचशे पट घेताय. जास्तीचं लघवीतून जातं, विषारी नाही. पण लॅबमधल्या पुष्कळ मशिनींची तपासणीच बायोटिनच्या जोडणीवर चालते. रक्तात ते जास्त असलं की टीएसएच खोटा कमी आणि टी-४ खोटा जास्त दिसतो. दोन्ही मिळून थायरॉइड जोरात चाललंय असं चित्र, आणि प्रत्यक्षात काहीच नाही. २०१७ साली अमेरिकेच्या औषध खात्यानं यावर जाहीर इशारा दिला होता, कारण हार्ट अटॅकच्या ट्रोपोनिन तपासणीतही हाच घोळ होतो. निदान दोन दिवस बंद ठेवून तपासा असं सांगतात, तुमचा डोस बघता आठवडा जाऊ द्या. गोळी मनानं कमी-जास्त करू नका. बाटली पिशवीत घालून आजच डॉक्टरांना दाखवा.

तपकिरी त्रिकोण म्हणजे मांसाहारी. फ्लेवर कसला! कोलॅजन जनावराच्या कातड्यातून नाहीतर माशाच्या खवल्या-कातडीतून काढतात, झाडात ते नसतंच. गमीजसुद्धा बघा, पुष्कळशा जिलेटिनच्या असतात.

मालकांच्या चमच्याबद्दल: डब्यावर बीटा-कॅरोटिन (गाजरातलं केशरी द्रव्य) लिहिलंय का? १९९४ साली फिनलंडच्या मोठ्या अभ्यासात धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना रोज २० मिलिग्रॅम दिलं, तर फुप्फुसाचा कर्करोग कमी व्हायच्या ऐवजी वाढला. गाजर खाऊ देत, त्याला हरकत नाही. आमच्या गावची अर्धी घरं तंबाखूवर उभी राहिली, म्हणून हे गिऱ्हाइकाला तोंडावर सांगताना जीभ जड होते, तरी सांगतो.

शिवारातली
पाळी गेल्यावर पहिल्या पाच वर्षांत त्वचेतलं कोलॅजन सुमारे ३० टक्के कमी होतं, त्यामुळे अक्का, तुमचा आरसा खोटा नाही. पण प्यालेलं कोलॅजन पोटात पचून तुकडे होतात, ते थेट गालावर जाऊन बसत नाही. २०२५ मध्ये २३ चाचण्या एकत्र तपासल्या. कंपन्यांच्या पैशावर झालेल्यांत फायदा दिसला, बाकीच्यांत दिसला नाही. मी तरी २,४०० घालणार नाही. शरीराला कोलॅजन बनवायला क जीवनसत्त्व लागतं हे खरं, पण बाईला ते दिवसाला ६५ मिलिग्रॅम पुरतं. एक पेरू खाल्ला की झालं.

शेतात जाताना तोंडाला काय लावता? ऑस्ट्रेलियात नँबूर गावात साडेचार वर्षं लोकांना रोज सनस्क्रीन लावायला लावलं, त्यांच्या त्वचेचं म्हातारपण २४ टक्के कमी दिसलं. त्याच अभ्यासात बीटा-कॅरोटिनच्या गोळ्या फुकट गेल्या. ३० एसपीएफची ट्यूब घ्या, मानेला विसरू नका, वरून पदर आहेच.

वडगावची अक्का
उशिरा लिहिते, भात मळणी चालली होती. डॉक्टरांना बाटली दाखवली. ते आधी हसले, मग म्हणाले, आधी का नाही सांगितलं? ७५ च ठेवली आणि नऊ दिवसांनी परत रक्त दिलं. टीएसएच २.४! डब्यावर बीटा-कॅरोटिन होतं, मालकांचा चमचा बंद. बिडी नाही बंद.

दुसरा डबा जावेला परत दिला. "माळेमुळं चालत नाही," एवढंच म्हटलं, बाकी काढलं नाही. दोन दिवस तोंड फुगवलं, तिसऱ्या दिवशी कुंदा घेऊन आली.

पण ३८ गमीज उरल्यात. सुनेला चालतील काय? तिचं थायरॉइड बरं आहे आणि तिला माळ नाही.