उत्तर: भाकऱ्यांमधला अर्धा र कसा टंकायचा?

संगणकावर 'भाकऱ्या'तला र नीट येत नाही, असा प्रश्न आला आहे. इनस्क्रिप्ट या भारतीय लिपींसाठीच्या कळफलकात शिफ्ट धरून जे (ऱ), मग डी (हलन्त), मग य ची कळ दाबा. साधा र घेतलात तर रफार डोक्यावर चढतो आणि 'भाकर्या' उमटतं. सोलापुरात कडक भाकऱ्यांच्या पाट्यांवर हे रोज दिसतं, आणि मला ते खरंच खटकतं.

ॲ चंही तसंच. हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, २००८ साली आलं. त्याआधीच्या मजकुरात अ ला चंद्र जोडलेला असतो. दिसायला दोन्ही सारखेच, पण संगणकाला वेगळे, त्यामुळे शोधलं की सापडत नाही. वर्डमध्ये ०९७२ (आकडे इंग्रजी) लिहून ऑल्ट आणि एक्स दाबा, बरोबर अक्षर येतं.

आपल्याकडे इनस्क्रिप्ट शिकाच, असा माझा आग्रह आहे. क ची कळ मराठीत, कन्नडमध्ये, तेलुगूत एकच. लग्नपत्रिका मराठी आणि तेलुगू दोन्हींत जुळवणाऱ्याला बोटं नव्यानं वळवावी लागत नाहीत, फक्त लिपी ओळखता यायला हवी. रोमन अक्षरांवरून टंकणाऱ्यांना ळ, ण साठी प्रत्येक ॲपचे वेगळे नियम लक्षात ठेवावे लागतात.

छपाईच्या जुळणीसाठी वापरल्या जाणाऱ्या जुन्या डीटीपी फॉन्टमधला मजकूर असेल तर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि ऱ्य, ऱ्ह एकदा डोळ्यांनी तपासा.