पुढच्या साथीसाठी तालुक्यातालुक्यात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरची सरकारी पेढी हवी का?

उंबरठा (धागाकर्ता)

कोविडकाळात घरच्या शुश्रूषेची मागणी वाढली, असं सरसकट बोललं जातं. ते अर्धंच खरं आहे. मार्च २०२० मध्ये ती आधी कोसळली. पक्षाघातानंतरची फिजिओथेरपी, जखमेचं ड्रेसिंग, लघवीची नळी बदलणं, बारा तासांची मावशी हे सगळं थांबलं, कारण सोसायट्यांनी फाटकं लावून घेतली आणि ब्यूरोच्या, म्हणजे घरी मावशी पुरवणाऱ्या संस्थांच्या, बायकांना लोकल बंद झाली. गरज होती तिथेच होती, पण दाराबाहेरच्या माणसाची भीती वाटू लागली. मग बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिमीटर आला, पाठोपाठ गृहविलगीकरणातल्या रुग्णावर फोनवरून लक्ष ठेवणं आलं आणि एप्रिल २०२१ मध्ये घरी ऑक्सिजन. लाट ओसरल्यावर फुप्फुसं अशक्त झालेल्यांची शुश्रूषा उरली. एकाच साथीत मागणीने इतक्या वेळा रूप बदललं.

यातला ऑक्सिजनचा टप्पा बाजारावर सोडून चालत नाही. राज्यात एका दिवसातले सर्वाधिक रुग्ण, ६८,६३१, नोंदले गेले १८ एप्रिल २०२१ला. वैयक्तिक वापरासाठी आयात केलेल्या कॉन्सन्ट्रेटरवरचा (हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणाऱ्या यंत्रावरचा) जीएसटी २८ वरून १२ टक्के झाला १ मेला. विक्रीतल्या नफ्यावर ७० टक्क्यांची मर्यादा आली ३ जूनला आणि जीएसटी ५ टक्के करायचा निर्णय झाला १२ जूनला. एप्रिलमधल्या रुग्णाला यातलं काहीच मिळालं नाही. म्हणून माझं म्हणणं असं, की प्रत्येक तालुक्यात अनामत घेऊन मिनिटाला पाच लिटर देणारी यंत्रं घरी वापरायला देणारी पेढी कायमची हवी.

रात्रपाळी

पेढीला माझा ठाम विरोध आहे. नाकातल्या नळीने मिनिटाला ५ लिटर दिले तर श्वासातला ऑक्सिजन साधारण ४० टक्क्यांपर्यंत जातो. ज्याला पिशवीच्या मास्कने १०-१५ लिटर लागतात, त्याच्यासाठी हे यंत्र तोकडं आहे. आणि असा रुग्ण कधीकधी बसून चहा पीत असतो. दम लागत नाही म्हणून घरचे निर्धास्त राहतात.

घरी सर्वांत जास्त कशामुळे फसगत होते, तर ऑक्सिमीटरवरचा सॅच्युरेशनचा (रक्तातल्या ऑक्सिजनच्या टक्केवारीचा) आकडा एकटा वाचल्यामुळे. सकाळी १ लिटरवर ९४ आणि रात्री ४ लिटरवर ९४, याला घरचे 'स्थिर आहे' म्हणतात. तो स्थिर नाही, तो झपाट्याने ढासळतो आहे. सॅच्युरेशनशेजारी लिटर आणि मिनिटातले श्वास लिहिले नाहीत, तर त्या वहीचा उपयोग शून्य.

मोजतानाच्या चुका वेगळ्या. बोट गार असतं, नखाला पॉलिश असतं, पहिला दिसलेला आकडा लिहिला जातो. हात स्थिर ठेवून मिनिटभर थांबायचं आणि आकडा टिकला की लिहायचा. सावळ्या त्वचेवर हे उपकरण खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवू शकतं, हे डिसेंबर २०२० मध्येच प्रसिद्ध झालं होतं. आपल्याकडे ९४ ही काठावरची रेषा मानताना हे लक्षात ठेवायला हवं.

राज्याने २५ मे २०२१ला १८ जिल्ह्यांत गृहविलगीकरण बंद करून रुग्णांना कोविड केंद्रात हलवायचं ठरवलं, ते मला बरोबर वाटतं. लोक ऑक्सिजन मागत होते, पण खरी मागणी रुग्णालयातल्या खाटेची होती.

झिओलाइट

आधी यंत्र कोणतं ते ठरवा, कारण 'पाच लिटर' हा शब्द २०२१ मध्ये वाटेल त्यावर छापला गेला. चांगलं यंत्र पूर्ण ५ लिटरवरही ९० टक्क्यांच्या वर शुद्धता देतं. स्वस्तातली '१ ते ७ लिटर'वाली यंत्रं १ लिटरला ९० देतात आणि प्रवाहाची चकती वाढवत नेली की ३०-४० टक्क्यांपर्यंत उतरतात. म्हणजे घरच्यांनी काळजीने प्रवाह वाढवला, की नळीतून जवळजवळ साधी हवाच येते. तिसरा प्रकार बॅटरीवरचा, खांद्याला लावायचा. त्यावरचा '५' हा आकडा लिटरचा नसतो. तो श्वास घेताना सुटणाऱ्या झोताची पायरी दाखवतो. झोपेत तोंडाने श्वास घेणाऱ्याला तो झोत मिळतोच असं नाही.

पेढी करायचीच तर प्रत्येक यंत्र देताना आणि परत घेताना ऑक्सिजन अ‍ॅनलायझर लावून पूर्ण प्रवाहावर शुद्धता मोजा. चालू केल्यावर किमान पाच मिनिटं थांबून मोजा, सुरुवातीचा आकडा कमीच येतो. घरी यंत्र भिंतीपासून वीतभर लांब, पडद्याआड नाही, देवघराजवळ तर अजिबात नाही. बाहेरची गाळणी आठवड्याला धुवायची आणि पूर्ण सुकवून बसवायची. बाटलीत उकळून गार केलेलं किंवा डिस्टिल्ड पाणी दोन खुणांच्या मध्ये, रोज बदलून. नाकाला व्हॅसलीन किंवा तेल लावायचं नाही.

उंबरठा

रात्रपाळी, लिटर शेजारी लिहायचा मुद्दा मान्य. तो मूळ मांडणीत असायला हवा होता. पण खाट हवी होती म्हणताना ती मिळत नव्हती, हेही धरा. खाट मिळेपर्यंतचे सहा-आठ तास ९० वर काढायचे की ८२ वर, याने फरक पडतो. तोवर रुग्णाला पालथं झोपवता येतं. एक उशी मानेखाली, एक-दोन छाती ते मांड्या, दोन नडग्यांखाली. एका स्थितीत अर्धा ते दोन तास, जेवणानंतर तासभर नाही, गरोदरपणात नाही.

आणि खाट अडते कुठे तेही बघा. बरा होत आलेला, बसल्याजागी ९५ असलेला आणि संडासापर्यंत चालला की ८७ होणारा रुग्ण १-२ लिटरसाठी आठवडे खाट धरून राहतो. त्याला यंत्र देऊन घरी पाठवलं, तर तीच खाट १५ लिटरवाल्याला मिळते. माझी पेढी मुख्यतः याच्यासाठी.

सड्यावरून

कोकणातून लिहितोय. १६-१७ मे २०२१ला तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याला घासून गेलं. खांब आडवे झाले आणि सिंधुदुर्ग-रत्नागिरीतल्या कित्येक गावांत दिवसचे दिवस वीज नव्हती. दुसरी लाट तेव्हा चालूच होती. वर्षभर आधी, ३ जून २०२०ला, रायगडात निसर्ग चक्रीवादळ. पाच लिटरचं यंत्र साधारण ३५० वॉट खातं. घरचा इन्व्हर्टर आणि १५० अँपिअर-तासाची नवी बॅटरी त्याला तीनेक तास पोसेल. चार पावसाळे पाहिलेली बॅटरी त्याच्या निम्मं.

म्हणून इथे यंत्राबरोबर सिलिंडर हवाच. हिशेब सोपा आहे. १० लिटर पाणी मावणारा लहान सिलिंडर १५० बार दाबाने भरला, की साधारण १,५०० लिटर वायू. २ लिटरने साडेबारा तास, ५ लिटरने पाचच तास. रिफिल ५० किलोमीटरवर असेल तर ५ लिटरवाल्या घरात एका माणसाचं दिवसभर तेवढंच काम. सिलिंडर उभा, साखळीने बांधलेला आणि रेग्युलेटरला तेलकट हात लावायचा नाही. 'तालुक्याला पेढी' हे पुण्याला शोभतं. आमच्याकडे नदी ओलांडली की तालुका लांब जातो.

पेठेतला

दोन्ही बाजू २०२१ची लढाई पुन्हा लढताहेत. जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉन आला तेव्हा घरची मागणी कशाची होती? घरच्या घरी करायच्या चाचणीची, फोनवरच्या डॉक्टरची, सात दिवस वेगळ्या खोलीची. बहुतेक घरांना ऑक्सिजन लागलाच नाही. पुढची साथ जुलाबाची असेल तर सलाईन आणि ओआरएस लागेल, डेंगीसारखी असेल तर रोज रक्त तपासायला घरी येणारा माणूस. यंत्रांत पैसा अडकवण्यापेक्षा आशाताईंना आणि उपकेंद्रातल्या परिचारिकांना घरी जाऊन काय मोजायचं, कधी हलवायचं याचं शिक्षण द्या. सप्टेंबर २०२०च्या 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत पथकांनी दारोदार ताप आणि सॅच्युरेशन मोजलं. तो सराव कुठल्याही साथीत चालेल.

रात्रपाळी

बऱ्या होत आलेल्या रुग्णांपुरती पेढी मला मान्य आहे. पण माणसाशिवाय यंत्र घराबाहेर पडता कामा नये, आणि इथेच सगळे कच खातात. एका रुग्णाला दिवसाला तीन फोन, प्रत्येक ८ मिनिटांचा: आकडा, लिटर, श्वास, लघवी, जेवण. झाली २४ मिनिटं. १०० रुग्णांना २,४०० मिनिटं, म्हणजे ४० तास, म्हणजे रोज आठ तासांच्या पाच पाळ्या. यात सुट्टी, आजारपण, न उचललेले फोन धरलेले नाहीत. ही पाच माणसं नसतील तर ती १०० यंत्रं देऊ नका.

शिवाय देतानाच कागदावर लिहून द्या: बसून ९२च्या खाली, किंवा तोच आकडा टिकवायला आदल्या दिवसापेक्षा २ लिटर जास्त, किंवा मिनिटाला २४ पेक्षा जास्त श्वास, की रुग्णवाहिका. डॉक्टरने एखाद्या जुन्या दमेकऱ्यासाठी वेगळी रेषा आखली असेल तर ती. घरच्यांना तेव्हा विचार करायला लावू नका, तो आधीच करून ठेवा.

पेठेतला, तुमच्याशी सहमत. फक्त शिक्षणासोबत मानधनही लिहा. आशाताईंवर आधीच कामांचा डोंगर आहे.

झिओलाइट

एक गोष्ट कुणीच काढली नाही. यंत्रं घेऊन गोदामात ठेवली तर ती पुढच्या साथीपर्यंत टिकत नाहीत. आतली झिओलाइटची चाळणी (हवेतला नायट्रोजन अडवून ऑक्सिजन पुढे सोडणारे खडे) हवेतला ओलावा शोषते आणि बंद पडून राहिलेल्या यंत्राची शुद्धता हळूहळू उतरते. बाहेरून ते नवं कोरं दिसतं, आवाजही नेहमीचाच. कोकणातल्या पावसाळ्यात तर विचारायलाच नको. दर महिन्याला प्रत्येक यंत्र काही तास पूर्ण प्रवाहावर चालवून अ‍ॅनलायझर लावावा लागतो. ८२ टक्क्यांच्या खाली गेलं तर ते बाजूला काढून चाळणी बदलायची.

यावर उपाय एकच, पेढी साथीची वाट बघत बसता कामा नये. दमेकरी, खाणीतल्या धुळीने फुप्फुसं गेलेले, कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातले रुग्ण प्रत्येक तालुक्यात आज आहेत आणि यंत्रं भाड्याने घेताहेत. डॉक्टरच्या चिठ्ठीवर ती त्यांना द्या. यंत्रंही चालती राहतील आणि रात्रपाळी म्हणतात तो फोनवरचा माणूसही सरावात राहील. साथ आली तर निम्मी यंत्रं आधीच घरांत असतील हे खरं, म्हणून खरेदी करतानाच तेवढी जास्त धरायची.